ताण्यातलं बिल

तांडापेठेतल्या चंपतराव पौनीकरानं वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हातमागाच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि किराण्याच्या गादीवर ठेवले. गादी म्हणजे दुहेरी घडीचं गोणपाट. दुकान म्हणजे घराच्या ओसरीचा रस्त्याकडचा सहा फुटांचा तुकडा. सत्तावीस वर्षं आडव्या सुताचा धोटा फेकून उजवा खांदा धरला होता. जेवताना घास तोंडापर्यंत नेला तरी कळ यायची.

माग मात्र विकला नाही. वच्छलानं विकू दिला नाही. ती म्हणाली, "दुकान तुमचं, खड्डा माहा." नवरा उठला त्या जागी बायको बसली. सूत मालकाचं, मजुरी हिची. दोन्ही काठांचे दोन धोटे, मधला एक. रोज साडेतीन वार लुगडं. त्याहून कमी नाही, जास्तही नाही.

चंपतरावाला वाचता येत होतं, सावकाश. मराठी अक्षर लावून लावून, इंग्रजी अजिबात नाही. पण कागद सांभाळायची त्याची रीत पक्की होती. इतवारीच्या ठोक बाजारातून माल आणला की बिल घडी न करता घरी यायचं आणि दारामागच्या कॅलेंडरच्या पाठीला खळीनं चिकटायचं. खळ घरात असायचीच, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला लावायची. तीत चिमूटभर मोरचूद असतं, म्हणून उंदीर तोंड लावत नाही. शेजारचे किराणावाले बिलं खिळ्याला टोचत आणि दर पावसाळ्यात उंदरांना वाहत. चंपतरावाचं एकही बिल गेलं नव्हतं.

एकोणसत्तर सालच्या रमजानात त्यानं पहिल्यांदा खजूर आणला. पलीकडच्या गल्लीतले मोमीन विणकर म्हणाले, रोजा सोडायला खजूर ठेवा, आम्हाला लांब जावं लागतं. इतवारीच्या सेठकडून त्यानं दोन पेट्या घेतल्या. लाकडी, पत्र्याच्या पट्ट्या मारलेल्या, वर काळ्या शाईत अरबी अक्षरं. एकेक पेटी तीस किलोची. सायकलच्या कॅरिअरवर एकच बसली. दोन खेपा केल्या, सायकल ढकलत, कारण खांद्यानं हँडल तोलेना.

पहिली पेटी आठ दिवसांत खपली. दुसरी फोडायच्या आधीच फूड इन्स्पेक्टर आला. सोबत शिपाई आणि कातडी पिशवी.

"हा खजूर कुठला?"

"इतवारीचा, साहेब."

"इतवारीत खजूर पिकतो?"

ओसरीवर बसलेले दोघं हसले. चंपतराव हसला नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं की साहेब काय विचारतोय. त्यानं इतवारीतून आणला होता, इतवारीचाच म्हणाला.

"बाहेरच्या देशातला माल आहे. कोणी आयात केला, त्याचं नाव पेटीवर लागतं. आपल्याला वाचता येईल अशा अक्षरांत. चिठ्ठी कुठे आहे?"

पेटीच्या बाजूला खळ वाळल्यासारखा एक चौकोनी डाग होता. चिठ्ठी होती, सुटली होती. कुठं सुटली, जहाजावर, मालगाडीत की सायकलवर, देव जाणे.

साहेबानं त्याच्यासमोर पेटीच्या पट्ट्या तोडायला लावल्या. खजूर काढला, तीन भाग केले, तीन बाटल्यांत भरले. बाटल्यांना जाड कागद गुंडाळला, सुतळी बांधली, लाख लावली, ठसा मारला. सगळ्याला पाऊण तास लागला. चंपतरावाला गाठी मारायची पद्धत आवडली. एक बाटली साहेबानं त्याच्या हातात ठेवली, कागदावर सही घेतली आणि बजावलं, "ही फोडायची नाही. जपून ठेवा."

आता इथं चंपतरावाची समजूत झाली ती सुताच्या धंद्यातली. मालक लुगड्याचा नमुना पाहतो. माल पसंत पडला तर नमुना फाडून अर्धा स्वतः ठेवतो, अर्धा विणकराला देतो. नापसंत पडला तर सगळाच तोंडावर फेकतो. सत्तावीस वर्षांत ह्याला अपवाद नव्हता. म्हणून त्यानं बाटली देवाच्या फळीवर ठेवली आणि वच्छलाला सांगितलं, "खजूर पास झाला वं. सरकारनं नमुना देल्ला."

वच्छला म्हणाली, "पास झाला त मंग तीन बाटल्या खजूर फुकट काहून नेला?"

"फुकट नाही, पैसे देल्ले ना त्यानं."

"विकत घेतला? मंग त गिऱ्हाईकच झाला तो."

हे चंपतरावालाही जरा चमत्कारिक वाटलं. पण त्यानं उरलेली पेटी विकली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. टंकलेखन केलेलं, दोन पानं. पहिल्या ओळीतला 'भेसळ' हा शब्द त्यानं लावला आणि पुढं वाचलंच नाही. शर्ट घातला आणि कोर्टाकडं चालत गेला. अंतर पावणेदोन कोस. तिथं कडुनिंबाखाली दत्तोपंत अर्जनवीस बसत. समोर टेबल, टेबलाच्या एका पायाखाली वीट.

दत्तोपंतांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला.

"खजुरात कीड निघाली. कायद्यानं ठरवलेल्या मापापेक्षा जास्त."

"पण भेसळ कुठं केली मी? मी त त्याच्यात काहीच मिसळलं नाही."

"कीड निघाली की कायद्यात ती भेसळच."

"कीडा आपल्या मनानं जाते, पंत. त्याले कोन मिसळते?"

"ते कोर्टाला विचारा. निदान सहा महिन्यांची शिक्षा आहे." दत्तोपंतांनी दुसरं पान पुढं सरकवलं. "पण हे पाहा. यात विचारलंय की माल कुणाकडून घेतला. मूळ बिल मागितलंय. सीलबंद पेटी तुमच्यासमोर फोडली ना? मग तुम्ही जशी घेतली तशीच विकली. बिलावर खालती एक इंग्रजी ओळ छापलेली असते, की हा माल कायद्याप्रमाणे आहे, आमची हमी. आणि आयात करणाऱ्याचं नाव, पेटीचा नंबर. ते बिल असलं तर साहेब सेठकडे जाईल. सेठकडून मुंबईला. नसलं तर तुमच्यापाशीच थांबेल."

"खालची ओळ? ते छापखान्याचं नाव नोय?"

"नव्हे."

"मी दहा वर्षं समजून राहिलो का छापखान्याचं नाव हाय."

"बिल आहे ना?"

"माह्यं एकही बिल जात नाही," चंपतराव म्हणाला. त्या दिवसात एवढं एकच वाक्य त्यानं न अडखळता म्हटलं.

"मग बारा दिवसांत नेऊन द्या. चोवीस तारीख, पाच वाजायच्या आत."

तो परत आला आणि दारामागं पाहिलं. कॅलेंडर नवं होतं. सत्तर सालचं, तेलघाणीवाल्यानं दिलेलं. मागं दोन बिलं. जुनं कॅलेंडर सूतवाल्याचं होतं, पुलावरून जाणारी आगगाडी. ते नव्हतं.

वच्छला खड्ड्यात होती. हात चालू होते.

"गाडीचं कॅलेंडर कुठं हाय वं?"

"कोनतं? ते जाड कागदाचं?"

"तेच."

तिचे हात थांबले. तिनं मान मागं वळवली आणि मागाच्या पलीकडच्या रुळाकडं पाहिलं. त्या रुळावर ताणा गुंडाळलेला असतो. विणलं जाईल तसा तो सुटत पुढं येतो.

ताणा रुळावर चढवताना थरांच्या मध्ये कागद घालावे लागतात. नाही घातले तर वरचा थर खालच्यात रुततो आणि सूत तुटतं. घरात सापडेल तो कागद घालतात. पण अगदी तळाशी, जिथं ताण्याची गाठ रुळाला बांधतात, तिथं जाड कागद लागतो, म्हणजे गाठीचा उंचवटा वर लागत नाही. सहा लुगड्यांचा ताणा वच्छलानं चारच दिवसांपूर्वी चढवला होता. जुनं साल संपलं होतं, कागद चांगला जाड होता. चित्र देवाचं नव्हतं, गाडीचं होतं. तिनं ते तळाशी घातलं.

"त्याच्या पाठीले बिलं होते," चंपतराव म्हणाला.

"मले वाटलं तुमी कागद जाड कराले चिकटवले."

चंपतराव वाकून रुळाजवळ गेला. कॅलेंडर तिथंच होतं, हातभर अंतरावर. त्यावर पन्नास वार सूत होतं.

"उलगडून काढता येते का?"

"गल्ली कुठं हाय उलगडाले?" वच्छला म्हणाली. ताणा उलगडायचा तर गल्लीभर लांब ताणावा लागतो, दोन्ही टोकांना माणसं लागतात, मध्ये चार लागतात. आणि गल्ली परवाच नळासाठी खोदली होती, कमरेएवढी खोल. "अन् फणीत भरलेले धागे? तुटले त बारा-पंधराशे गाठी कोन मारन? सूत मालकाचं हाय."

"कापला त?"

तिनं पुन्हा धोटा फेकला. कापलेल्या ताण्याबद्दल विणकराच्या घरात बोलत नाहीत.

दुसऱ्या सकाळी तो इतवारीत सेठकडं गेला. बिलाची नक्कल मागितली. सेठनं चहा मागवला. चहा येईपर्यंत गोड बोलला. पत्र पाहिल्यावर म्हणाला, "नक्कल नहीं निकलती, चंपतराव. पुरानी बही मुनीम के पास है. मुनीम गाँव गया है."

"कब आएगा?"

"शादी है उसके घर. और देखो, खजूर तो दस लोग बेचते हैं. हमसे ही लिया, ये आप कैसे कहोगे?"

चंपतराव चहा तसाच ठेवून उठला. वाटेत त्याला सेठचा राग आला नाही. त्याला एवढंच कळेना की दहा वर्षं ज्यानं नावानिशी ओळखलं, तो एका कागदावाचून ओळखेनासा कसा झाला.

घरी येऊन त्यानं हिशेब मांडला. हा हिशेब मात्र त्याला येत होता. पन्नास वार. उरले अकरा दिवस. वच्छलाचे रोज साडेतीन, म्हणजे साडेअडतीस. तूट साडेअकरा वारांची. एका वाराला अठराशे वेळा बाणा, म्हणजे आडवं सूत. प्रत्येक बाण्याला तीन धोटे आणि एक ठोका.

त्यानं दुकानाची फळी लावली. सकाळी वच्छला स्वयंपाक, पाणी, धुणं करते, त्या वेळात माग रिकामा असतो. सहा ते नऊ. तो खड्ड्यात उतरला. दहा वर्षांनी पाय मागाखालच्या पावड्यांवर पडले आणि पायांना सगळं आठवलं. खांद्याला मात्र पहिल्या शंभर बाण्यांतच आठवलं.

पहिल्या दिवशी त्याचं अर्धा वार झालं. दुसऱ्या दिवशी पाऊण. वच्छला त्याच्या खांद्याला मोहाचं तेल चोळायची आणि सांगायची, "हात नका उचलू, मनगट फेका." हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सव्वा वार झालं. चौथ्या दिवशी दीड. तो खूश होऊन उठला. वच्छला बसली, विणलेल्या भागावरून तिनं अंगठा फिरवला आणि थांबली. पदराला पुसून पुन्हा फिरवला. मग बाणे मोजले.

"इंचात पन्नास पाह्यजे. हे बेचाळीस हायत."

"खांदा दुखून राहिला. ठोका बसत नाही."

"आजचे सगळेच तसे हायत."

"धुतल्यावर भरते ते."

"धुतल्यावर इरते."

"अवं, मले सहा महिने जेल होऊन राहिली अन् तू बाणे मोजून राहिली."

वच्छलानं पदर खोचला. खड्ड्यातून उठली आणि जागा मोकळी केली. चंपतराव उभा राहिला. कागद लवकर निघावा म्हणून त्यानं ठोका हलका केला होता, हे त्याला ठाऊक होतं. खांदा दुखत होता हेही खरंच होतं. दोन्हीतलं किती कशामुळं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

"हे बी भेसळीतच येते का?" त्यानं विचारलं. थट्टा नव्हती, खरंच विचारलं.

"मले नाही माहीत. इरळ हाय येवढं माहीत हाय. अन् हे मी विणलं म्हणून मालकाकडं जाईन."

त्यानं उसवायला घेतलं. विणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट उसवायला लागतो, कारण ताण्याचा धागा दुखवायचा नसतो. दीड वार उसवायला तो दिवस पूर्ण गेला. म्हणजे त्याची सकाळची कमाई गेली, आणि वच्छलाचे त्या दिवसाचे साडेतीन वारही गेले. सात दिवस उरले होते आणि सदतीस वार.

त्यानंतर त्यांनी माग थांबू दिला नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत एक उठला की दुसरा बसायचा, बैठक गार व्हायच्या आत. स्वयंपाक एका वेळचा. दुकानाशी गिऱ्हाईक आलं तर शेजारची बायजाबाई आवाज द्यायची, "चंपतभाऊ, गूळ पाह्यजे म्हणतेत," आणि चंपतराव खड्ड्यातूनच सांगायचा, "घेऊन जा, पैसे डब्यात टाका." बायजाबाईला काही कळेना. खजुराच्या भानगडीवर लुगडं विणणं हा कोणता उपाय, असं तिनं तीनदा विचारलं. चंपतरावानं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना त्यालाच ते खरं वाटेना.

मधेच तो देवाच्या फळीवरची बाटली उचलायचा. कागदातून आत दिसत नव्हतं. एकदा त्यानं ती कानाशी धरून हलवली.

"काय आयकून राहिले?" वच्छलानं विचारलं.

"कीडे हायत का पाहतो."

"बोलते का ते?"

त्यानं बाटली ठेवली. वच्छला हसली, तोही जरासा हसला. त्या बारा दिवसांत तेवढंच.

थरांतले बाकीचे कागद एकेक करून बाहेर पडत होते. वर्तमानपत्राचं पान. साखरेच्या पुड्याचा कागद. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. पाचवं लुगडं उतरलं तेव्हा रूळ इतका बारीक झाला होता की मुठीत मावेल. तेवीस तारखेला दिवे लागताना साडेतीन वार उरले होते.

चोवीस तारखेला पहाटे वच्छला बसली. ती म्हणाली, "आज तुमी नका बसू. तुमाले सायबासमोर सही कराची हाय, हात थरथरन." अकरा वाजता रुळावर पुलाचा कोपरा दिसला. मग गाडीचा धूर. तिनं आणखी अर्धा वार विणलं, प्रत्येक बाणा पुरा ठोकला, आणि मग हात मागं घालून कागद हळूच सोडवला.

कॅलेंडर गोल झालं होतं, सरळ होईना. पाठीला सात बिलं. ताण्याच्या धाग्यांच्या रेघा त्यांच्यावर उमटल्या होत्या, बारीक आणि सरळ, पाटीवर आखाव्या तशा. मधलं खजुराचं होतं. पेटीचा नंबर वाचता येत होता. आयात करणाऱ्याचं नाव होतं. खालती ती इंग्रजी ओळ होती. चंपतरावानं तिच्यावर बोट ठेवलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. कळलं काहीच नाही.

तीन वाजता तो साहेबाच्या, कोर्टाजवळच्या ऑफिसात होता. साहेबानं बिल पाहिलं, नंबर आपल्या कागदाशी ताडून पाहिला, ओळ वाचली.

"ठीक आहे. हे काढून द्या."

"निघत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"आमची खळ हाय. निघाली त बिल फाटन."

कारकुनानं नखानं कोपरा उचलून पाहिला. कोपरा फाटायला लागला तसा सोडून दिला. पट्टीनं केला, मग पाण्याचं बोट लावलं. साहेब म्हणाला, "राहू द्या." मूळ बिलच हवं होतं, नक्कल चालत नव्हती. शेवटी सगळं कॅलेंडरच फाइलीत गेलं. गोल होऊन फाइल उघडत होती, म्हणून कारकुनानं तिला सुतळी बांधली. बांधताना गाठ सैल बसली. चंपतरावानं न विचारता ती सोडून नीट मारून दिली.

"आता मी सुटलो का, साहेब?"

"सेठला नोटीस जाईल. तुम्हाला साक्षीला बोलावू."

"म्हणजे मी आता साक्षीदार?"

"सध्या तरी."

"खजूर तोच हाय ना?"

साहेबानं वर पाहिलं. "खजूर तोच आहे."

चंपतरावानं सुतळीच्या गाठीकडं पाहिलं. खजूर तोच, कीड तीच, विकणारा तोच. सकाळी गुन्हेगार होता, आता साक्षीदार. हे कशानं झालं ते त्यानं मनात लावून पाहिलं, अक्षर लावावं तसं. लागलं नाही. मग त्याला एवढं मात्र सुचलं की आपण काहीतरी देऊन चाललोय.

"साहेब, कॅलेंडरची पावती पाह्यजे."

कारकून हसला. साहेब हसला नाही. त्यानं पावती लिहायला सांगितली. 'जुने कॅलेंडर एक, पाठीस सात बिले चिकटविलेली.' खाली सही, शिक्का.

पावती त्यानं घडी न करता आणली, पावणेदोन कोस, दोन बोटांत धरून. वच्छला सहावं लुगडं उतरवत होती. तिनं कागद पाहिला.

"हे काय?"

"बिलाचं बिल."

"जपाचं हाय?"

"जपाचं हाय."

त्यानं दारामागं पाहिलं. खळीच्या वाटीकडं पाहिलं. नव्या कॅलेंडरकडं पाहिलं. वच्छलानं फळीकडं पाहिलं. तिथं बाटली होती. बाटलीला बांधावं तर लाख सुटेल. खिळ्याला टोचावं तर उंदीर. डब्यात ठेवावं तर डबा रोज उघडतो.

"तुमीच सांगा कुठं ठेवाचा," ती म्हणाली. "मले सांगू नका पन. मी पुढच्या आठवड्यात ताणा चढवून राहिली."

चंपतराव पावती उजव्या हातात धरून ओसरीवर बसला. बायजाबाईनं आवाज दिला की मीठ पाह्यजे म्हणतेत. त्यानं डाव्या हातानं मीठ मोजलं.